मुखपृष्ठावरचा मानपान

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या संस्थेचं संकेतस्थळ उघडा. आधी फोटो सरकू लागतात. पहिल्यात दीपप्रज्वलन, दुसऱ्यात शाल-श्रीफळ, तिसऱ्यात पुन्हा दीपप्रज्वलन, फक्त समई वेगळी. फोटोंच्या वर एक ओळ उजवीकडून डावीकडे पळत असते. ती वाचायला जावं तर शेपूट हाती लागतं, आणि तोंड पुन्हा येईपर्यंत आपण मुकाट थांबतो. तिला सांगायचं असतं 'हार्दिक स्वागत'. डाव्या हाताला यादी असते: आमच्याविषयी, इतिहास, ध्येय व उद्दिष्टे, अध्यक्षांचे मनोगत, कार्यकारी मंडळ, माजी अध्यक्ष, देणगीदार, छायाचित्र दालन, संपर्क. इतिहासात शिरलं की विजयादशमीच्या शुभमुहूर्तावर लावलेल्या छोट्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाल्याचं कळतं. एखाद्या संस्थेचा पेरू किंवा शेवगा झाल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. आणि आपण ज्यासाठी आलो होतो ते, म्हणजे आज दुपारी दार उघडं असेल का, हे कुठेच नसतं. 'संपर्क'मध्ये पत्ता असतो, पिनकोड असतो, नकाशाही असतो. वेळ नसते.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजून मी बरेच दिवस उगाच खजील होतो. मग एक व्यंगचित्र पाहण्यात आलं. रँडल मन्रो या अमेरिकी व्यंगचित्रकाराने २०१० साली आपल्या 'एक्सकेसीडी' मालिकेत ते काढलं होतं. एकमेकांत किंचित शिरलेली दोन वर्तुळं. डावीकडच्यात विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर काय काय असतं ते: आवाराची सफर, प्रसिद्धीपत्रकं, नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या, प्रमुखांचं पत्र. उजवीकडच्यात लोक काय शोधायला येतात ते: प्रवेशअर्ज, प्राध्यापकांचे फोन नंबर, गाडी कुठे लावायची, कामाचा नकाशा. दोन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात त्या चिंचोळ्या जागेत एकच गोष्ट लिहिलेली होती: विद्यापीठाचं पूर्ण नाव. तिकडेही मनोगत असतं हे पाहून जीव भांड्यात पडला.

आपल्याकडे या कलेचं मूळ मला लग्नपत्रिकेत दिसतं. वर गणपती, कुलस्वामिनी आणि ग्रामदैवत. मग 'आमचे येथे श्री कृपेकरून'. मग वराचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, 'कै.' लावून पणजोबांचंही. मग 'आपले नम्र' म्हणून काका, मामा, आत्या यांची रांग. त्या रांगेत कोणाचं नाव कोणाच्या खाली गेलं यावरून दोन घरं वर्षभर बोलत नाहीत. तळाशी पोरांची ओळ: आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! पत्रिका हातात पडल्यावर माणूस मात्र ती उलटसुलट करून दोनच गोष्टी शोधतो, कार्यालय कुठलं आणि जेवण किती वाजता. पत्रिकेत हे खपून जातं, कारण अडलंच तर पाहुणा मुलाच्या मावशीला फोन करून विचारतो. संकेतस्थळाला मावशी नसते.

या भानगडीत मी पडलो तो आमच्या गावच्या वाचनालयामुळे. मी प्रकाशकांसाठी मुद्रितं तपासतो आणि पुस्तकाच्या शेवटी येणारी सूची करून देतो. (सूची करून घेणारे मराठी प्रकाशक इतके थोडे आहेत की याला धंदा म्हणताना मलाच संकोच वाटतो. आठशे पानांचं चरित्र काढतील, पण त्यात चिपळूणकर कुठे कुठे येतात हे हवं असेल तर वाचकाने आठशे पानं पुन्हा वाचावीत.) 'तुम्हाला क्रमाने लावायची सवय आहे', असं म्हणत कार्यवाहांनी मला संकेतस्थळ समितीवर घेतलं. समितीत अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार, ग्रंथपाल, मी आणि संकेतस्थळ बांधून देणारा एक तरुण. तो सगळ्यांना सर म्हणायचा आणि प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न विचारायचा: "कंटेंट कधी देताय, सर?"

कंटेंट तयारच आहे, असं कार्यवाहांचं ठाम मत. वार्षिक अहवाल आहे की! तोच त्याच क्रमाने चढवायचा. अध्यक्षीय, कार्यवाहांचे निवेदन, श्रद्धांजली, देणगीदारांची यादी, ताळेबंद. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'शासनमान्य अ वर्ग'. हा वर्ग म्हणजे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना मिळणारी अ, ब, क, ड अशी श्रेणी. अनुदान त्यावर ठरतं, त्यामुळे तो मिळवताना कार्यवाहांनी हाडाची काडं केली होती आणि तो अभिमान खराच होता. पण पुस्तक बदलायला आलेल्या माणसाला वाचनालय अ वर्गात आहे की ड वर्गात, याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला खिडकी उघडी लागते.

रिचर्ड सॉल वुर्मन नावाचे एक अमेरिकी वास्तुरचनाकार. माहितीची रचना हीसुद्धा वास्तुरचनाच, हा विचार त्यांनी १९७६ च्या सुमारास मांडला, आणि पुढे १९८४ साली 'टेड'ची व्याख्यानं सुरू करण्यातही ते होते. त्यांच्या मते माहिती लावण्याचे प्रकार पाचच. जागेप्रमाणे, अक्षरांप्रमाणे, काळाप्रमाणे, प्रकाराप्रमाणे आणि चढत्या-उतरत्या भाजणीने, म्हणजे लहानापासून मोठ्यापर्यंत किंवा स्वस्तापासून महागापर्यंत. आमच्या समितीने दोन बैठकांत सहावा प्रकार काढून दाखवला: मानपान. प्रश्न आला की आधी व्यक्ती ठरायची, मग मजकूर, मग मजकुराची जागा.

अध्यक्षांना मात्र यात गैर काही वाटत नव्हतं. ते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. "अहो, आपली परंपराच ही आहे," ते म्हणाले आणि राज्यव्यवहारकोशाचं उदाहरण दिलं. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी रचलेला हा कोश. राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. त्यात अकारविल्हे काही नाही, दहा वर्ग आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. "पाहा! राजापासून सुरुवात आणि बाजार शेवटी."

उदाहरण बिनतोड होतं, आणि मला तर ते फारच आवडलं. पण आमच्या ग्रंथपालांनी हळूच विचारलं, "सर, तो कोश वापरणार कोण होतं?" अर्थातच दरबारातले कारकून. त्यांचा दिवस राजाच्या कचेरीत सुरू व्हायचा, म्हणून राजवर्ग पहिला. कोश बाजारातल्या वाण्यासाठी केला असता तर पंडितांनी पण्यवर्ग वर घेतला असता, इतका शहाणपणा त्यांच्यात नक्की होता. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या मनोगताचं काय करायचं, हा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

ग्रंथपालांबद्दल सांगायला हवं. त्यांच्या टेबलामागे एस. आर. रंगनाथन यांचा फोटो आहे आणि दर १२ ऑगस्टला त्याला हार पडतो. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिक्षणासाठी लंडनला गेले, आणि तिथल्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांच्या डोक्यात आलं की पुस्तकांचं वर्गीकरणही असंच सुटे तुकडे जोडून करता येईल. त्यातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती आली. त्याआधी, १९३१ साली, त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं सांगितली होती. त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आमचे ग्रंथपाल ते येताजाता ऐकवतात, आणि रोज सकाळी पुस्तकांवर क्रमांक मात्र ड्यूईचे घालतात, कारण वाचनालयात पहिल्यापासून तेच आहेत.

मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकी गृहस्थांनी १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं. धर्माचा खण दोनशेचा. त्यातली बहुतेक सगळी जागा ख्रिस्ती धर्माने घेतली आणि उरलेल्या जगाचे सगळे धर्म २९० च्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसले. साहित्याच्या खणात मराठीचा क्रमांक ८९१.४६. म्हणजे लीळाचरित्रापासून काल आलेल्या कथासंग्रहापर्यंत आपलं जे काही आहे ते दशांशचिन्हाच्या पलीकडच्या दोन आकड्यांत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला होता. नंतर लक्षात आलं की ड्यूईंनी त्यांच्या कॉलेजातली कपाटं लावली. ती जगाची कपाटं होतील याचा विचार तेव्हा कोणी केला असेल? प्रत्येक जण आपल्या खुर्चीवरून जे जवळ दिसतं त्याला मोठा खण देतो. आमच्या समितीनेही वेगळं काही केलं नव्हतं.

संकेतस्थळावर पुस्तकांची यादी याच क्रमांकांप्रमाणे द्यायची, असं ग्रंथपालांच्या मनात होतं. खिडकीवरच्या ताईंनी ते एका वाक्यात संपवलं. "सर, लोक माझ्याकडे येऊन आठशे एक्याण्णव मागत नाहीत. मागच्या वेळी नेलं होतं तसलंच एखादं द्या, म्हणतात."

खरी गोष्ट इथून सुरू झाली. देवघेवीच्या खिडकीत या ताई इतकी वर्षं बसतात की वाचनालयात नेमकं काय शोधलं जातं हे गावात फक्त त्यांना ठाऊक आहे. समितीवर त्यांना कोणी घेतलं नव्हतं. मी त्यांना एक वही दिली आणि म्हटलं, लोक जे विचारतील ते लिहीत जा, त्यांच्याच शब्दांत. वही परत आली ती अशी: आज संध्याकाळी चालू आहे का? दिवाळी अंक आले का? मिस्टरांच्या कार्डावर मी नेऊ का? पुस्तक भिजलं, आता काय? अभ्यासिकेत जागा आहे का? डिपॉझिट कधी मिळणार? आईला वरचा मजला चढवत नाही, खाली आणून द्याल का? ध्येय व उद्दिष्टे कोणीही विचारली नव्हती. स्थापनेचं वर्ष एकाने विचारलं होतं, पण तो स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर निघाला.

पुणेरी पाट्यांना लोक हसतात. मला तो मजकूर लिहिण्याचा वस्तुपाठ वाटतो. 'जोशी इथे राहत नाहीत' ही पाटी कोणी उद्धटपणाची हौस म्हणून लावत नाही. जोशींना शोधत आलेल्या माणसांनी दुपारच्या झोपेत दार वाजवून वाजवून ती लिहून घेतलेली असते. आधी प्रश्न येतो, शंभरदा येतो, मग पाटी येते. म्हणून तिच्यात एक शब्द जास्तीचा नसतो आणि ती नेमकी प्रश्न पडतो त्याच उंचीवर, बेलच्या शेजारी असते. पाटीवाल्याने घराची ध्येयं आणि उद्दिष्टं दारावर लावल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. संकेतस्थळाचा मजकूर लिहिणारा मात्र आतल्या खोलीत बसलेला असतो. त्याचं दार कोणी वाजवत नाही, म्हणून त्याला सुचतं ते मनोगत.

वहीने आणखी एक उपकार केला. आता लोक या गोष्टी कशा लावतील, हे पाहायची मला उत्सुकता लागली. संकेतस्थळांच्या धंद्यात याची एक साधी पद्धत आहे: एकेक विषय एकेका चिठ्ठीवर लिहायचा, गड्डी वाचकाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, तुम्हाला जे जे जवळचं वाटतं त्याचे गठ्ठे करा. आमच्या समितीचे गठ्ठे ठरलेले होते: देवघेव विभाग, संदर्भ विभाग, बालविभाग, उपक्रम. वाचनालयाच्या इमारतीत जशा खोल्या, तसे गठ्ठे.

वर्तमानपत्राच्या टेबलावर रोज पहिले येऊन बसणारे एक आजोबा आहेत. त्यांनी चिठ्ठ्या घेतल्या, हातावर पत्त्यांसारख्या पिसल्या आणि 'दिवाळी अंक', 'वर्गणी' आणि 'हरवलेलं पुस्तक' एकत्र ठेवलं. मी विचारलं, "हे कसं काय, आजोबा?" ते म्हणाले, "हे सगळं पैसे काढायचं." बरोबरच होतं. दिवाळी अंकांची वेगळी रक्कम भरावी लागते आणि मग ते दोन-चार महिने पुरवून पुरवून वाचायचे असतात. आम्ही दिवाळी अंक 'आमचा ग्रंथसंग्रह' या गठ्ठ्यात घातले होते. आजोबांच्या दृष्टीने ते खिशात होते.

एका बाईंनी 'बालविभाग' आणि 'व्याख्यानमाला' एकत्र ठेवलं. आमच्या नजरेत या इमारतीच्या दोन टोकांच्या गोष्टी. त्या म्हणाल्या, "व्याख्यान ऐकायचं तर याला कुठे तरी बसवायला नको का?" शेजारी 'हा' उभा होता आणि त्याने एक चिठ्ठी तोंडात घातली होती. अभ्यासिकेतल्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाने गठ्ठे पाडायचं टाळून कोरी चिठ्ठी मागितली, तिच्यावर 'चार्जिंग' लिहिलं आणि सगळ्यांच्या वर ठेवून निघून गेला.

या गठ्ठ्यांवरून मांडणी झाली, आता मजकूर. संकेतस्थळ बांधणारा तरुण म्हणाला, संकेतस्थळांचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ साली लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहिलं, तर माणूस पडद्यावर पहिली ओळ बरीचशी वाचतो, त्याखालची थोडी, आणि मग नजर डाव्या कडेने सरळ खाली घसरते. म्हणून ओळीचे पहिले दोन शब्द महत्त्वाचे. मी आमच्या कार्यकारी मंडळाच्या पानावर डाव्या कडेने नजर घसरवून पाहिली. मा., मा., मा., मा. सगळे मामाच.

पण खरी लढाई झाली ती अनामत रकमेच्या नियमावर. ताईंच्या वहीत तो प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला. छापील नियम असा: 'सभासदाने सदस्यत्व रद्द करावयाचे झाल्यास विहित नमुन्यातील अर्ज सादर केल्यानंतर सदर सभासदाकडे कोणतीही येणे बाकी नसल्याची खातरजमा करून कार्यकारी मंडळाच्या मान्यतेने अनामत रक्कम यथावकाश परत करण्यात येईल.' मी त्याचं असं केलं: 'वाचनालय सोडताय? पुस्तकं परत करा. अर्ज भरा, सोबत अनामतीची पावती जोडा. पैसे महिन्याभरात मिळतील.'

कार्यवाहांनी तीनदा वाचलं. "सोपं झालंय," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडी ती तक्रार होती. "पण महिना कुठून आला?"

"मग किती दिवसांत देतो आपण?"

खजिनदार म्हणाले, बैठक झाली की. बैठक कधी होते? गणसंख्या जमली की. गणसंख्या कधी जमते, यावर कोणी बोललं नाही. पावती नसेल तर? यावरही दोघांची दोन मतं निघाली आणि दोन्ही आजवर अमलात येत होती, खिडकीत त्या वेळी कोण आहे त्याप्रमाणे. तो लांबलचक नियम अवघड भाषेचा म्हणून अवघड नव्हता. त्यातलं काहीच कधी ठरलेलं नव्हतं, आणि 'यथावकाश' या एका शब्दाने ते सगळं आजवर झाकून ठेवलं होतं. सोपी मराठी लिहायला गेलं की आधी ठरवावं लागतं, आणि मला वाटतं कचेऱ्यांचा सोप्या मराठीला विरोध असतो तो एवढ्यासाठीच. 'सदर' आणि 'उपरोक्त' यांच्यावर आपण उगाच डाफरतो. बिचारे पांघरूण घालायच्या कामावर नेमलेले आहेत. असो. त्या दिवशी संकेतस्थळाच्या समितीने कार्यकारी मंडळाला ठराव पाठवला आणि अनामत महिन्याभरात परत द्यायची असं ठरलं. वाचनालयाच्या कारभारात संकेतस्थळामुळे झालेली ही पहिली सुधारणा, आणि तेव्हा संकेतस्थळ अजून सुरूही झालेलं नव्हतं.

एवढा खटाटोप कशाला, शोधायची पेटी द्या की, असा खजिनदारांचा सवाल होता. इंटरनेटवरही सुरुवातीच्या काळात खणच होते. १९९४ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी, आपल्याला आवडलेल्या संकेतस्थळांची विषयवार यादी केली. तिचं याहू झालं. माणसं बसून एकेक स्थळ योग्य खणात ठेवत. मग गुगलची कोरी पेटी आली, खण हळूहळू ओस पडले आणि २०१४ च्या शेवटी ती विषयवार यादी बंद झाली. तेव्हा खजिनदारांचं म्हणणं जगाच्या अनुभवाला धरून होतं. फक्त त्यात मराठी धरलेली नव्हती.

पेटीत मी 'कादंबऱ्या' लिहिलं. उत्तर आलं, काही सापडलं नाही. वाचनालयात निम्म्याहून जास्त कादंबऱ्याच आहेत. कारण शोधून काढलं तेव्हा संकेतस्थळवाल्या तरुणालाही गंमत वाटली. 'ऱ्या'मधला तो अर्धचंद्रासारखा 'र' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. यादी टंकणाऱ्याने एक तऱ्हा वापरली होती, माझ्या कळफलकाने दुसरी. 'ॲगाथा ख्रिस्ती'चं तेच. 'ॲ' हे अख्खं अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत होते आणि अजूनही भागवतात. म्हणजे ॲगाथाबाई दोन, एकीला दुसरीचा पत्ता नाही. रहस्यकथेला शोभेल असा प्रकार. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचं आपलं औदार्य आहेच. आणि जुन्या अहवालांची पानं तर अशा फाँटात टंकलेली होती की तो फाँट ज्या संगणकात नाही तिथे अध्यक्षांचं मनोगत इंग्रजी अक्षरांच्या आणि टिंबांच्या रांगोळीसारखं दिसायचं. कार्यवाहांनी तेही चढवायचा आग्रह धरला, हे त्यांच्या निष्ठेचं लक्षण.

शब्दांचं तर विचारूच नका. आमच्या नियमांत 'सभासद शुल्क', लोक म्हणतात वर्गणी. आमच्याकडे 'अनामत', लोक म्हणतात डिपॉझिट. आमची 'नियतकालिके', लोकांची मासिकं. आम्ही सगळीकडे लोकांचे शब्द घातले. तेव्हा ग्रंथपालांनी एक नेमका आक्षेप घेतला. "मग सातबाऱ्याचं काय?" मी निरुत्तर. महसूल खात्याच्या गाव नमुन्यांपैकी सात नंबरचा हक्काचा आणि बारा नंबरचा पिकाचा. कारकुनी रजिस्टरांचे हे दोन आकडे. कुठल्याही शहाण्या सल्लागाराने ते लोकांसमोर वापरू नका म्हणून सांगितलं असतं. आणि आज अक्षरओळख नसलेला शेतकरीसुद्धा सातबारा म्हणतो, आठ-अ म्हणतो, कर्जमाफीची मागणी करताना सातबारा कोरा करा म्हणतो. जमिनीवरचं नाव टिकवायचं असलं की माणूस खात्याची भाषाही पाठ करतो. पण वाचनालयाचं ते प्रेम नाही. इथे शब्द अडला तर माणूस मुकाट्याने घरी जाऊन मोबाइल बघत बसतो.

शेवटचा अडसर मुखपृष्ठाचा. मी अध्यक्षांना ब्रिटिश सरकारचं सुट्ट्यांचं पान दाखवलं. त्या सरकारने २०१२ साली सरकारी माहिती एका संकेतस्थळावर आणायला घेतली, त्यातलं हे पान. उघडलं की मोठ्या अक्षरांत पुढची बँक हॉलिडे कधी, तेवढंच. खाली वर्षाची यादी. अध्यक्षांनी पान वरखाली केलं.

"पंतप्रधानांचा फोटो?"

"नाही, सर."

"राणीचा?"

"तोही नाही."

अध्यक्ष बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझं मनोगत 'इतिहास'मध्ये टाका. नाही तरी ते २००९ सालचं आहे."

आता आमच्या मुखपृष्ठावर पहिली ओळ अशी आहे: 'आज वाचनालय उघडे आहे. सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ४.३० ते ८.' ती ताई स्वतः बदलतात, सोमवारी 'आज बंद' करतात, मोबाइलवरून. खाली वहीतलेच प्रश्न, वहीतल्याच शब्दांत. 'चार्जिंग'ला स्वतंत्र ओळ मिळाली आहे. अ वर्गाचं प्रमाणपत्र 'आमच्याविषयी'त आहे आणि कार्यवाह अधूनमधून तिथे जाऊन ते पाहून येतात. दीपप्रज्वलनाचे सगळे फोटो छायाचित्र दालनात आहेत, समईवार.

फोन मात्र कमी झालेले नाहीत. परवा दुपारी मी खिडकीपाशी असतानाच वाजला. ताईंनी घेतला. पलीकडून विचारणा झाली, साडेचारला उघडतं का?

"हो. साइटवर आहे बघा," ताई म्हणाल्या.

"हो, तिथेच वाचलं. म्हटलं, एकदा विचारून घ्यावं."

ताईंनी ते वहीत लिहिलं आणि वही पुढच्या बैठकीत आली. कार्यवाहांनी त्यावर तोडगा काढला आहे, आणि तो मंजूर होण्याची लक्षणं आहेत. पहिल्या ओळीखाली आणखी एक ओळ घालायची: 'वरील वेळ खरी आहे.'